साडेतीन वाजताचे पिशाच

शाळा सुटल्याची घंटा झाली की मुले घराकडे का पळतात, याचा विचार आम्हां मास्तरमंडळींनी फारसा केलेला नसतो. पोटात भूक असते, मैदानावर गडी जमलेले असतात आणि मुख्य म्हणजे शाळा सुटलेली असते. एवढी कारणे आम्हांला पुरतात. परंतु १९६७-६८ च्या सुमारास अमेरिकेतल्या गावोगावच्या शाळांतून मुले जी धूम ठोकीत होती, तिचे कारण निराळेच होते. ती एका पिशाचाला भेटावयास निघालेली असत. हे पिशाच जवळजवळ पावणेदोनशे वर्षे शवपेटीत पडून राहिलेले, माणसांच्या रक्तावर जगणारे, आणि वेळेचे मात्र मोठे पक्के. दुपारी साडेतीनला यावयाचे, चारला जावयाचे, शनिवार-रविवार सुटी! पहिली पाच मिनिटे हुकली तर ती कायमची हुकली. कारण कार्यक्रम घरच्या घरी मुद्रित करून रात्री पाहण्याची सोय त्या काळी नव्हती. ज्याचे घर लांब, त्याने जवळच्या मित्राच्या घरी घुसावे आणि दारातच दप्तर टाकून विचारावे, ‘उठला का?’

या पिशाचाचे नाव बार्नबस कॉलिन्स, आणि ज्या मालिकेत त्याचा संचार होता तिचे नाव ‘डार्क शॅडोज’. आपण गडद सावल्या म्हणू. एबीसी या दूरचित्रवाणी-संस्थेवर २७ जून १९६६ रोजी ती सुरू झाली. अमेरिकेत दुपारच्या वेळी रोज अर्धा तास चालणाऱ्या कौटुंबिक मालिका असत. साबण आणि धुण्याची पूड विकणाऱ्या कंपन्या त्यांचा खर्च सोसत, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ असे थट्टेचे नाव पडले होते. घरची कामे आटोपून बसलेली गृहिणी हा त्यांचा प्रेक्षक, आणि कुणाचे कुणाशी जमले, कुणाचे मोडले, कुणाचे मूल कुणाचे निघाले, हा त्यांचा मजकूर. ‘डार्क शॅडोज’ हीसुद्धा प्रथम अशीच निघाली होती. निर्माता डॅन कर्टिस याचा भुताखेतांशी संबंध नव्हता. त्याचे आधीचे नाव गोल्फ खेळाच्या कार्यक्रमासाठी होते. त्याला म्हणे एकदा स्वप्न पडले: एक तरुण मुलगी आगगाडीतून एकटी चालली आहे, कुठल्याशा जुन्या वाड्यात मुलांची शिक्षिका म्हणून तिला नोकरी लागली आहे. त्या स्वप्नावर त्याने मालिका उभी केली. मुलीचे नाव व्हिक्टोरिया विंटर्स. मेन प्रांतातले, समुद्राकाठचे कॉलिन्सपोर्ट हे कल्पित गाव. टेकडीवर कॉलिनवुड नावाचा वाडा. वाड्याची मालकीण अठरा वर्षांत उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. तिचे काम जोन बेनेट या हॉलिवूडच्या एका काळच्या तारकेने केले होते.

एवढे सगळे जुळवूनही मालिका चालेना. वारा घोंगावे, दारे करकरत, मालकीण खिडकीशी उभी राहून सुस्कारे टाकी, आणि प्रेक्षक दुसरे केंद्र लावीत. मालिका बंद होणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा कर्टिसच्या लहान मुलींनी बापाला सल्ला दिला की, भीती वाटेल असे काहीतरी घाला. बुडत्याला काडीचा आधार! त्याने एक भूत आणले, जोझेट नावाच्या जुन्या काळच्या स्त्रीचे. लोक थोडे थांबले. मग अग्नीतून पुनःपुन्हा जन्म घेणारी एक बाई आणली. लोक आणखी थांबले. आता याच्यापुढे काय आणावयाचे? ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ पासून लोकांच्या परिचयाचा होता. कर्टिसने ठरविले की एक रक्तपिपासू पिशाच आणावे, काही आठवडे त्याच्याकडून गावात हाहाकार माजवावा, आणि मग छातीत लाकडी खुंटी ठोकून त्याचा निकाल लावावा. तेवढ्याने मालिका तगली तर तगली.

१७ एप्रिल १९६७ च्या भागात विली लूमिस नावाचा एक भुरटा चोर दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या दफनगृहात शिरतो. तेथे साखळदंडांनी करकचून बांधलेली एक शवपेटी त्याला सापडते. एवढ्या साखळ्या, म्हणजे आत केवढे धन असेल! साखळ्या तोडून तो झाकण उचलतो, आणि आतून एक हात बाहेर येऊन त्याचा गळा धरतो. भाग तेथेच संपतो. (तो हात दुसऱ्याच एका नटाचा होता.) दुसऱ्या दिवशी वाड्याच्या दारावर थाप पडते. उंच, काळ्या झग्यातला, चांदीच्या लांडगेमुखाची काठी घेतलेला एक अदबशीर गृहस्थ दारात उभा. आपण इंग्लंडातले दूरचे भाऊबंद, असे तो सांगतो. प्रवेशदालनात पूर्वजाची एक तसबीर टांगलेली असते, आणि पाहुणा हुबेहूब तिच्यासारखा दिसतो. वाड्यातल्या मंडळींना याचे कौतुक वाटते. घरोघरी काचेपुढे बसलेल्या मुलांना मात्र खरे काय ते कालपासून ठाऊक असते! मला या प्रसंगाची रचना फार आवडते. आपल्याला ठाऊक आहे आणि त्या शहाण्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नाही, या गोष्टीइतके सुख दहा वर्षांच्या पोराला दुसऱ्या कशात मिळते, ते वर्गात रोज उभे राहणाऱ्या माणसाला विचारावे.

हे पाहुण्याचे काम करणारा नट जोनाथन फ्रिड कॅनडातल्या हॅमिल्टन गावचा. वय बेचाळीस. शेक्सपिअरची नाटके केलेला, येल विद्यापीठात दिग्दर्शनाचे शिक्षण घेतलेला, परंतु नाव असे न झालेला. नटाचा पेशा आता पुरे, कॅलिफोर्नियात जाऊन नाट्यशिक्षकाची नोकरी धरावी, अशा विचाराने त्याची बांधाबांध चालली होती, तेव्हा हे काम त्याच्याकडे चालून आले. थोड्या आठवड्यांचेच काम आहे, प्रवासाचा खर्च निघेल, असा हिशोब करून त्याने ते घेतले. म्हणजे हा गृहस्थ आमच्या पेशात येता येता राहिला!

आता गंमत पाहा. मालिकेचा रोज एक भाग न्यूयॉर्कमध्ये चित्रित होई, आणि फीत कापून जोडणे फार खर्चाचे असल्यामुळे एकदा सुरू केलेला भाग शक्यतो मध्ये थांबवीत नसत. नट चुकला तर चूक तशीच राही. ध्वनिग्राहकाची दांडी चित्रात डोकावे, थडग्याचा दगड धक्का लागून डुलू लागे, एकदा तर पिशाचाच्या नाकावर माशी बसली आणि पिशाच तसेच बोलत राहिले. फ्रिडला एवढे लांब संवाद एका दिवसात पाठ होत नसत. तो मध्येच अडखळे, आणि कॅमेऱ्यामागे लावलेल्या फलकावरचे शब्द शोधताना त्याची नजर दूर कोठेतरी लागे. चेहऱ्यावर घालमेल दिसे. ती घालमेल खरीखुरी होती, नटाची. प्रेक्षकांनी ती पिशाचाची समजून घेतली. या माणसाला काहीतरी खुपते आहे, तो जे करतो आहे ते त्याला करावयाचे नाही, असे त्यांना वाटू लागले. लेखकांनी तोपर्यंत असे काहीही लिहिलेले नव्हते. लिहिलेला बार्नबस चांगलाच क्रूर होता. मॅगी इव्हान्स नावाच्या साध्याभोळ्या मुलीला पळवून नेऊन, कोंडून घालून, ती आपली जुनी प्रेयसी जोझेट आहे असे तिच्याकडून वदविण्याचा त्याचा प्रयत्न अंगावर काटा आणणारा आहे.

आणि मग पत्रे येऊ लागली. पहिल्यांदा थोडी, मग गठ्ठ्यांनी, मग पोत्यांनी. बायकांची होती, मुलांची होती. काही बायकांनी तर आमची मान हजर आहे असे कळविले. ते सोडून देऊ. पण बहुतेकांची विनवणी एकच होती: त्याला मारू नका. ज्याला मारण्यासाठीच आणले होते, त्याच्यासाठी लोक रदबदली करू लागले. कर्टिस व्यवहारी माणूस होता. ठरलेली खुंटी त्याने बाजूला ठेवली.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीत नायिकेचा धाकटा भाऊ विषमज्वराने मरतो. मला ते प्रकरण लिहिताना चार दिवस जेवण गेले नव्हते. पुस्तक निघून आज सात वर्षे झाली. त्याला जगवा म्हणून एकाही वाचकाचे पोस्टकार्ड आलेले नाही. म्हणून या पत्रांचे मोल माझ्यासारख्याला जरा जास्त कळते. पुस्तक छापून झाल्यावर वाचकाच्या हाती पडते. तेव्हा रदबदलीची वेळ टळलेली असते. रोजच्या मालिकेत तसे नव्हते. तिथे कथा पुढे लिहिली जात असतानाच ऐकणारा हुंकार देत होता, आणि सांगणाऱ्याला तो ऐकू येत होता. आजीच्या कुशीत गोष्ट ऐकताना ‘नाही, राक्षसाला मारायचं नाही’ म्हणून हटून बसणारे पोर आपण सर्वांनी पाहिले आहे. आजी काय करते? राक्षसाला पश्चात्ताप होतो!

मारावयाचे नाही असे ठरले खरे, पण मग त्याचे करावयाचे काय? लेखकांपुढे हा पेच होता. प्रथम त्यांनी ज्युलिया हॉफमन नावाची डॉक्टरीण आणली. बार्नबसचा रोग हा रक्ताचा विकार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकेल, असे तिचे म्हणणे. पिशाचाला रुग्ण ठरविणे ही केवढी मोठी मजल! हे काम ग्रेसन हॉल या नटीने केले. पुढे मालिकेच्या लेखकांत सामील झालेला सॅम हॉल हा तिचाच नवरा. पण त्याहून धाडसाची उडी १९६७ च्या नोव्हेंबरात मारली गेली. वाड्यात मंडळी मृतात्म्याला पाचारण करण्यास बसलेली असताना दिवे जातात, आणि व्हिक्टोरिया नाहीशी होऊन थेट १७९५ सालात जाऊन पडते. रोजची पात्रे, रोजचे कथानक, सगळे जागच्या जागी सोडून चार महिने मालिका अठराव्या शतकात राहिली. तेच नट, पण आपल्याच पूर्वजांच्या भूमिकांत.

हा १७९५ चा भाग मला सबंध मालिकेत सर्वांत उत्तम वाटतो. बार्नबस तिथे अजून माणूस आहे. श्रीमंत घरचा, मनमिळाऊ, जोझेटशी लग्न ठरलेला. जोझेटची दासी अँजेलिक हिच्याशी त्याचे पूर्वी संबंध होते, आणि ती जादूटोणा जाणणारी आहे. लारा पार्करने हे काम असे केले आहे की तिचा राग येतो आणि कीवही येते. अँजेलिकच्या करणीने जोझेटचे मन फिरते, घरात द्वंद्वयुद्ध होते, आणि शेवटी बार्नबसने झाडलेली गोळी लागली असता ती त्याला शाप देते. त्या शापाने तो पिशाच होतो. त्यानंतरचे भाग पाहावत नाहीत. धाकटी बहीण सेरा भावाचे ते रूप पाहून भ्यालेली, आणि त्यातच गेलेली. जोझेट कड्यावरून उडी घेते. आई विष घेते. राहतो तो एकटा बाप, जोशुआ. उभा जन्म ताठ मानेने जगलेला, मुलाशी प्रेमाचा शब्द न बोललेला हा म्हातारा. मुलगाच त्याला विनवितो की मला संपवा. बापाच्या हातून ते होत नाही. तो पेटी बंद करून साखळदंड बांधविण्याची आज्ञा देतो. जवळजवळ वर्षापूर्वी विली लूमिसने ज्या साखळ्या लोभाने तोडल्या, त्या कोणी आणि का बांधल्या होत्या, ते मुलांना आता कळले. भीतीचा पहिला प्रसंग होता त्याच्या मागे एका बापाचे दुबळेपण उभे होते.

शेवट काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक असताना चार महिने लोकांनी श्वास रोखून हे पाहिले. याचे आश्चर्य कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला वाटणार नाही. रामाला वनवास होणार हे कोणाला ठाऊक नसते? आपल्याकडेही असाच एक प्रकार नुकता घडून गेला आहे. झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली ती कोकणातल्या अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९ मध्ये तिचा दुसरा भाग आला तो मागे जाऊन जिवंत अण्णांची कथा सांगणारा. माधव अभ्यंकरांनी रंगविलेल्या त्या पाताळयंत्री म्हाताऱ्यावर प्रेक्षकांनी जो लोभ केला, तो आमच्या शिक्षकांच्या खोलीतही चहाबरोबर रोज उकळत असे. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी अण्णांना शिव्या द्याव्यात आणि उरलेल्यांनी त्यांची नक्कल करावी!

अमेरिकेत त्या सुमारास बार्नबसचे वेड कळसाला पोहोचले होते. बेचाळिशी ओलांडलेल्या फ्रिडची छायाचित्रे कुमारवयीन मुलींच्या मासिकांत गायकांच्या जोडीने छापून येऊ लागली. १९६८ साली संस्थेने त्याला गावोगाव फिरविले, तेव्हा झग्यातल्या या पिशाचाला पाहावयास आयाबाया कडेवर मुले घेऊन आल्या. च्युइंगमच्या पाकिटात त्याची चित्रे निघाली. लहान मुलांसाठी शवपेटी आणि खोटे सुळे असलेला बैठा खेळ निघाला. मॅरिलिन रॉस या बाईच्या नावाने एका कॅनडियन पुरुष लेखकाने बार्नबसवर आणि कॉलिनवुडवर तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९६९ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष निक्सन यांच्या कन्येने व्हाइट हाउसमध्ये मुलांसाठी भुताखेतांच्या सणाची मेजवानी केली, तिला बार्नबस पाहुणा म्हणून हजर होता. काही धर्मनिष्ठ मंडळींनी ही सैतानाची मालिका आहे म्हणून ओरड केली. तिचा उपयोग झाला नाही. शाळेचीही ओरड झाली असेलच. पण शाळेचा खरा विजय, किंवा पराभव, वेगळ्या रीतीने झाला. साडेतीन ही वेळ अडचणीची होती; लांबच्या मुलांना ती साधत नसे. १९६८ च्या जुलैत मालिका अर्धा तास पुढे ढकलून चारवर नेण्यात आली. एका पिशाचाने शाळेच्या घंटेशी वेळ जुळवून घेतली!

१९६९ मध्ये क्वेंटिन नावाचा दुसरा शापित नायक आला. डेव्हिड सेल्बी हा देखणा तरुण, आणि शाप असा की पौर्णिमेला त्याचा लांडगा व्हावा. त्याच्या खोलीत वाजणारी रॉबर्ट कोबर्टची एक संथ, उदास चाल इतकी गाजली की तिची तबकडी त्या वर्षी अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत तेराव्या स्थानापर्यंत चढली.

पण प्रेक्षकांच्या मनाचे भान ठेवून उभे केलेले घर ते भान सुटताच खचू लागले. १९६९ च्या अखेरीस लेखकांनी लेव्हायथन नावाच्या प्राचीन दुष्ट शक्तींचे कथानक आणले, आणि बार्नबसला त्यांचा गुलाम करून पुन्हा कठोर केले. अडीच वर्षे ज्याच्या माणुसकीसाठी पत्रे लिहिली, तो एका सकाळी दगड झाला! लोकांनी तोंड फिरविले. १९७० साली कर्टिसने मोठ्या पडद्यासाठी चित्रपट काढला, त्यात त्याने आपला मूळचा बेत पुरा करून घेतला: रक्ताचे पाट वाहविले आणि शेवटी बार्नबसला मारले. आईबापांनी तो पाहिला आणि मुलांना दुपारची मालिकाही बंद केली, असे काहींचे म्हणणे आहे. मला अधिक खरे वाटते ते जाहिरातीचे कारण. मुले धावत घरी येत होती, परंतु साबणाची पूड मुले विकत घेत नाहीत.

२ एप्रिल १९७१ रोजी मालिका संपली. १,२२५ भाग झाले होते. (मुंबईत दूरचित्रवाणी येण्यास अजून दीड वर्ष होते, ती आली २ ऑक्टोबर १९७२ ला.) अखेरच्या भागाच्या शेवटी एका नटाच्या आवाजात चार वाक्ये ऐकविली: मुलीच्या मानेवरची जखम जनावराच्या चाव्याची होती, पिशाच वगैरे काही नव्हते, सर्व सुखी झाले. पुढच्या सोमवारपासून त्या वेळेला शब्द ओळखण्याचा एक खेळ सुरू झाला. लोकांनी पुन्हा पत्रे लिहिली. या वेळी ऐकणारे कोणी नव्हते. मात्र सॅम हॉलला राहवले नाही. त्याच वर्षी ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकात त्याने लेख लिहून, मालिका चालू राहिली असती तर कोणाचे काय झाले असते ते कळविले. त्यात त्याने बार्नबसचे आणि डॉक्टरीणबाईंचे लग्न लावून दिले. ग्रेसन हॉलचा नवरा असूनही!

प्रेक्षक काही घरी बसले नाहीत. १९७५ पासून जुने भाग स्थानिक केंद्रांवरून पुन्हा दिसू लागले. चाहत्यांनी हाताने छापलेली मासिके काढली. १९८३ पासून दरवर्षी मेळावे भरविले, त्यांत वयस्क झालेले नट आणि तितकीच वयस्क झालेली ती धावणारी मुले एकत्र जेवू लागली. फ्रिडही येई. मालिका संपल्यावर त्याने मोठी कामे फारशी केली नाहीत. पुढे त्याने एकट्याने कथा वाचून दाखविण्याचे कार्यक्रम बसविले आणि शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये यांतून ते करीत तो अमेरिकाभर हिंडला. कॅलिफोर्नियातली ती मास्तरकी त्याला अशी उतारवयात मिळाली. १९९४ मध्ये तो कॅनडात परतला, आणि एप्रिल २०१२ मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी वारला. त्याच्या पाठोपाठ महिनाभरात टिम बर्टनचा नवा ‘डार्क शॅडोज’ चित्रपट लागला. त्यात मेजवानीच्या एका प्रसंगात तो क्षणभर दिसतो. दारातून आत येणारा पाहुणा म्हणून.

त्या काळच्या दुपारच्या मालिकांच्या फिती संस्था बहुधा पुसून पुन्हा वापरीत. या मालिकेचे मात्र जवळजवळ सारे भाग वाचले. वाचला नाही तो एकच, १,२१९ क्रमांकाचा, अखेरच्या काळातला. त्याची चित्रफीत कुठेच नाही. पण त्या दिवशी कोणा एका प्रेक्षकाने घरी दूरचित्रवाणीसमोर साधे ध्वनिमुद्रण-यंत्र ठेवून सबंध भागाचा आवाज टिपून घेतला होता. आज तो भाग पाहावयास मिळतो तो असा: पडद्यावर इतर भागांतली स्थिर चित्रे एकामागून एक सरकतात, आणि त्यांखाली ती घरगुती फीत वाजत राहते.